शिटी वाजेपर्यंत

शनिवारी विल्फ ऑग्डनने दाढी केली, बूट पुसले आणि एनिडचा पिवळा स्कार्फ घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. हे सगळे करताना त्याला काहीही वाटले नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की गाल आपला असूनही आपला वाटत नाही ना, तसे त्याचे सप्टेंबरपासून अख्ख्या अंगाचे झाले होते. घास चावला जाई, कुणी विनोद केला तर हसूही येई, पण ते सगळे शेजारच्या कुणाचे तरी असावे असे.

एनिड सप्टेंबरात वारली. डॉक्टरांनी ते त्यांच्या मुलीला, जुडिथला सांगितले. जुडिथने पाद्रीबाबांना सांगितले, पाद्रीबाबांनी चर्चमध्ये सगळ्यांना. शेजारणीने दूधवाल्याला सांगून टाकले. विल्फच्या तोंडून मात्र ते दोन शब्द अजून एकदाही बाहेर पडले नव्हते. कुणी विचारायच्या आत दुसरेच कुणीतरी सांगून मोकळे होई, आणि विल्फ नुसती मान हलवी. हा जन्मभर पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलेला माणूस. वर्गात उभे राहून बोलायला घाबरणाऱ्या मुलाला तो म्हणायचा, "पहिला शब्द तेवढा तू काढ, राजा. बाकीचे त्याची शेपटी धरून आपोआप येतात." आता त्याचाच पहिला शब्द निघत नव्हता.

बातमी पोचली नव्हती अशी एकच जागा उरली होती. डोंगरापलीकडच्या क्रॅगथॉर्पची माणसे. एनिड मूळची तिकडची. तिचे जवळचे तिकडे आता कुणी राहिले नव्हते, पण क्रॅगथॉर्पचा फुटबॉल संघ वर्षातून एकदा विल्फच्या गावी, हॅडनशॉला, खेळायला आला की त्यांच्याबरोबर बस भरून माणसे येत, आणि त्या दिवसापुरती एनिड नवऱ्याला सोडून त्यांच्यात जाऊन बसे. जुडिथ म्हणाली होती, "बाबा, मी त्यांच्यातल्या कुणाचा तरी नंबर शोधते आणि फोन करते."

"नको," विल्फ म्हणाला होता. "त्यांना मी सांगेन. मॅचच्या दिवशी, पबमध्ये."

एवढे एक तरी आपण आपल्या तोंडाने सांगायचे, असे त्याने ठरवले होते. हेही जर दुसऱ्यानेच सांगितले, तर मग एनिडच्या बाबतीत आपण काहीच केले नाही असे होईल. आणि ठरवताना तो एक गोष्ट साफ विसरला होता. ती त्याला 'शटल' पबचा दरवाजा ढकलल्यावर आठवली.

दारावरच्या पाटीवर विणकऱ्याचा धोटा रंगवलेला तो पब आत शिरल्या शिरल्या अंगावर येतो: लोकरी कोटांचा वास, गरम पेस्ट्रीचा वास, आणि बोलण्याचा गलका. खिडकीजवळच्या लांब बाकावर हॅडनशॉची निळे स्कार्फवाली मंडळी, शेगडीजवळच्या बाकावर क्रॅगथॉर्पची पिवळे स्कार्फवाली. मध्ये गालिच्याचा झिजून पांढरा पडलेला पट्टा. आणि काउंटरमागे ग्लेनिस.

"ग्लेनिस!" शेगडीकडून बर्नार्ड सटक्लिफचा नगाऱ्यासारखा आवाज आला. "त्या खिडकीजवळच्या मंडळींना सांग, आज रुमाल घेऊन या म्हणावं. रडायला लागतील."

ग्लेनिसने नळ बंद केला, ग्लास ठेवला आणि खिडकीकडे वळून शाळेतल्या मुलीसारखे पाठ म्हटले, "ते म्हणतात, रुमाल आणा."

"त्यांना सांग," विल्फचा जुना दोस्त नॉरिस खिडकीकडून म्हणाला, "गेल्या वर्षी तुम्ही नेलेले रुमाल अजून धुऊन परत आलेले नाहीत."

"ते म्हणतात, आधीचे परत करा," ग्लेनिस म्हणाली. दोन्हीकडे हशा पिकला.

हाच तो नियम. ग्लेनिसच्या वडिलांनी घातलेला. त्यांच्या काळात एकदा या मॅचच्या दिवशी दोन बाकांमध्ये अशी जुंपली की दोन खुर्च्या आणि एक नाक मोडले. पुढच्या वर्षी ते दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "आत या, प्या, खा. पण इकडच्याने तिकडच्याशी शेवटची शिटी वाजेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. काही सांगायचंच असेल तर मला सांगा, मी पोचवतो." लहान मुलांच्या अळीमिळी गुपचिळीसारखा हा खेळ मोठ्या माणसांना इतका आवडला, की भांडणे कधीच मिटली आणि नियम तेवढा राहिला. नियम मोडणाऱ्याला शिक्षाही ठरलेली होती. त्याने समोरच्यांचा स्कार्फ गळ्यात घालायचा आणि त्यांच्या बाजूला उभे राहून मॅच बघायची. मोडला होता फार थोड्यांनी, आणि त्यांची नावे अजून चेष्टेत घेतली जात.

विल्फ आणि एनिडची ओळखही त्या नियमातूनच झाली. शेगडीजवळ बसलेली एक पोरगी ग्लेनिसच्या वडिलांना म्हणाली होती, "त्या उंटाला सांगा, बुटाची नाडी सुटलीये." उंट खाली वाकला तर नाडी नीट बांधलेली. सगळा पब हसला. मॅच संपल्याची शिटी झाली तशी विल्फ मैदानाला अर्धा वळसा घालून पळत गेला आणि तिच्याशी पहिला शब्द बोलला. लग्नानंतरही या एका दिवशी ती दोघे घरून एकत्र निघत, दारातून आत आली की ती शेगडीकडे, तो खिडकीकडे, आणि मग संध्याकाळपर्यंत एकमेकांना ओळख नाही.

विल्फ दारातच थांबला. इतके दिवस मनात जुळवलेले वाक्य त्याच्या तोंडात होते आणि ते बोलायची इथे सोय नव्हती.

"आला, उंट आला!" शेगडीकडे कुणीतरी आनंदाने ओरडले. विल्फ पाय नेतील तसा खिडकीकडे गेला आणि नॉरिसशेजारी बसला. ग्लेनिस स्वतः त्याचा बिअरचा पिंट घेऊन आली. एरवी ती काउंटर सोडत नसे.

"सांगितलंस का त्यांना?" तिने खाली वाकून विचारले.

"आत्ता तर आलोय."

"मी सांगू का? मला बोलायची मुभा आहे. दोन शब्दांत सांगून टाकते, राजा, तुला नुसतं बसायचंय."

"नको."

"अरे, पण तुला बोलता यायचं नाही..."

"नको म्हटलं ना, ग्लेनिस."

ती गेली. खिडकीजवळच्या सगळ्यांना माहीत होते. जुडिथने नॉरिसला सांगितले होते आणि नॉरिसने बाकाला दम भरला होता, की विल्फ सांगेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. त्यामुळे त्या बाकावर आज दोन मुकेपणे एकावर एक बसली होती. माणसे ग्लासात बघत होती. विल्फही आपल्या ग्लासात बघत होता. वरचा फेस हळूहळू बसत होता, आणि तो फेस पूर्ण बसेपर्यंत बघत राहावे, एवढेच त्याला वाटत होते.

"ग्लेनिस!" हा मॅव्हिसचा आवाज. बर्नार्डची बहीण, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर पत्र्याचा डबा. दरवर्षी ती आल्याचा आणि काकवीचा पार्किन केक करून आणायची, कारण एनिड म्हणायची की डोंगराच्या या बाजूला तो कुणाला जमतच नाही. "त्या उंटाला विचार, आमची एनिड कुठे आहे? केक केलाय म्हणावं. तिची जागा धरून ठेवलीये."

शेगडीच्या अगदी जवळ, बाकाच्या टोकाला एक उशी रिकामी होती. समोर काळ्या माइल्ड बिअरचा अर्धा पिंट भरून ठेवलेला होता. एनिड तेवढाच घ्यायची आणि तोच संध्याकाळपर्यंत पुरवायची.

ग्लेनिस विल्फकडे वळली. तिने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. निरोप पोचवायचा तिचा नियम तिच्याच्याने पाळवेना.

"काय झालं, ग्लेनिस? दातखिळी बसली?" बर्नार्ड गरजला. "नीट विचार त्याला. हरायची भीती वाटली म्हणून बायकोला घरी कोंडून आलाय का?"

शेगडीकडे सगळे खदखदून हसले. खिडकीकडून उलट टोला यायला हवा होता, तो आला नाही. ते बर्नार्डला खटकले, पण त्याने त्याचा अर्थ त्याच्या परीने लावला. "बघा, बघा! कुणी बोलत नाही. म्हणजे भांडण झालंय! सांग त्याला ग्लेनिस, या वयात नांदवता येत नसेल तर आम्ही परत घेऊन जातो. बसमध्ये जागा आहे."

नॉरिसने टेबलाखाली विल्फचे मनगट धरले. "ऐक माझं. ग्लेनिसला सांगू दे. त्याला काय कल्पना, तो बिचारा गंमत करतोय. त्याने अजून काही बोलायच्या आत..."

"त्याला गंमत करू दे," विल्फ म्हणाला.

आणि खरे म्हणजे त्याला बर्नार्डचा रागही आला नव्हता. राग यावा म्हणून तो क्षणभर थांबलासुद्धा. पोस्टमन दारावरून तसाच पुढे गेला तर माणूस मागे फिरतो, तसा तो मनातल्या मनात रिकाम्या हाताने मागे फिरला. आता ग्लेनिसला मान हलवून खूण केली की काम झाले. ती सांगेल, ते गप्प होतील, मग येऊन पाठीवर हात ठेवतील आणि आपण पुन्हा मान हलवू. चर्चमध्ये हलवली तशी.

तो उठला. पिंट तिथेच राहिला. झिजलेल्या पट्ट्यापर्यंत गेला आणि पट्टा ओलांडला.

शेगडीजवळ एकच गोंधळ उडाला. इतक्या वर्षांत उंट स्वतःच्या पायांनी कधी आला नव्हता.

"बोलणार! हा बोलणार!"

"स्कार्फ काढा रे!"

"बोल विल्फ्या, बोल! एक शब्द! एकच!"

त्यांनी टेबलावर मुठी आपटायला सुरुवात केली. ग्लास नाचू लागले. बर्नार्डने गळ्यातला पिवळा स्कार्फ काढून दोन्ही हातांनी माळेसारखा उंच धरला आणि नवरदेव आल्यासारखा उभा राहिला. मॅव्हिस हसत हसत डब्याचे झाकण उघडत होती. विल्फ त्यांच्यासमोर उभा राहिला. वर्गात गलका झाला की तो कधी ओरडत नसे, नुसता उभा राही. मुले एक-एक करून त्याच्याकडे बघत आणि गप्प होत. तसाच तो आता उभा होता. आधी मॅव्हिस गप्प झाली. चष्म्यातून तिने त्याच्याकडे नीट पाहिले, आणि शेजाऱ्याच्या मुठीवर हात ठेवला. मग एकेक मूठ थांबली. शेवटी बर्नार्ड एकटाच हसत राहिला, आणि मग तोही थांबला.

पहिला शब्द तेवढा काढायचा.

"एनिड," विल्फ म्हणाला.

तो शब्द बाहेर आला. मग बाकीचे आले.

"एनिड वारली. सप्टेंबरमध्ये. हृदय बंद पडलं. तुम्हाला मी सांगणार होतो, म्हणून कुणाला सांगू दिलं नाही."

शेगडीत कोळसा सरकल्याचा आवाज झाला. बर्नार्डचे हात अजून वरच होते. स्कार्फ त्याच्या हातात तसाच लोंबत होता आणि हात खाली कसे घ्यावेत हे त्याला कळत नव्हते.

"मी काय काय बोललो रे," तो म्हणाला. त्याचा तो नगारा कुठल्या कुठे गेला होता. "कोंडून ठेवली म्हणालो... देवा रे. विल्फ, मला माहीत असतं तर..."

"तू नेहमीचंच बोललास. ती असती तर तिनेच तुला पढवलं असतं."

"हो रे," मॅव्हिस म्हणाली. "मागच्या वर्षीचं ते रुमालाचं तिचंच होतं." तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. "त्रास झाला का हो तिला?"

"नाही. चहा ठेवला होता तिने. मी बागेत होतो."

हे तो पहिल्यांदाच कुणाला सांगत होता. आपल्याला आता काहीतरी होईल, असे वाटून त्याने वाट पाहिली. जीभ कोरडी पडली होती, एवढेच. सांगून झाले होते. ओझे उतरले असेही नाही आणि वाढले असेही नाही.

बर्नार्डने अखेर स्कार्फ खाली घेतला आणि पाठीमागे लपवला. विल्फने हात पुढे केला.

"काय?" बर्नार्ड म्हणाला.

"मी बोललो ना तुमच्याशी?"

"अरे, सोड. आज कसला नियम घेऊन बसलास?"

"नियम म्हणजे नियम," विल्फ म्हणाला. "मोडला तर शिक्षा. नाहीतर मुलं उद्यापासून ऐकणार नाहीत." मग त्याला खिशातले आठवले. "थांब. तुझा नको. माझ्याकडे आहे."

त्याने एनिडचा स्कार्फ काढला. जुडिथने तो मॅव्हिसला द्यायला सांगितला होता. घडी उलगडताना सगळे त्याच्या हातांकडे बघत होते. त्याने तो गळ्याभोवती गुंडाळला, आणि लोकर मानेला टोचली.  मग नॉरिस काउंटरकडे तोंड करून, जरा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ग्लेनिस, त्या बाजूच्या उंटाला सांग, हळदीचा रंग त्याला अजिबात शोभत नाही."

ग्लेनिसने फडक्याने आधी डोळे पुसले, मग काउंटर पुसला. "ते म्हणतात, शोभत नाही," ती म्हणाली.

"सांग त्यांना, मला माहीत आहे," विल्फ म्हणाला, आणि शेगडीजवळच्या रिकाम्या उशीवर बसला.

 ग्लेनिस येऊन त्या अर्ध्या पिंटाकडे हात करत म्हणाली, "हा नेऊ का मी?"

"कशाला?" विल्फ म्हणाला. "विकत घेतलेलं टाकायचं? तुमच्या क्रॅगथॉर्पच्या बाईने ऐकलं तर पुन्हा उठून येईल."

बर्नार्ड हसला आणि हसल्याबद्दल स्वतःच ओशाळला. विल्फने ती माइल्ड प्यायली. आयुष्यभर तो तिला 'गंजाचं पाणी' म्हणत आला होता. आता तिला गंजाचीही चव नव्हती. मॅव्हिसने केकचा तुकडा कापून त्याच्यासमोर ठेवला, तोही त्याने खाल्ला. आल्याचा तिखटपणा घशाच्या तळाशी कुठेतरी दुरून जाणवला.

मग सगळे उठले आणि मैदानाकडे निघाले. हॅडनशॉचे मैदान ते केवढेसे! एका बाजूला लाकडी बाकांचा मांडव, तीन बाजूंना नुसता कठडा. निळे मांडवाकडे वळले. विल्फचे पायही त्यांच्यामागे वळले, तेव्हा मॅव्हिसने त्याची बाही धरली. "इकडं हो. आज आमच्यात."

कालव्याकडच्या कठड्याजवळ तो जन्मात कधी उभा राहिला नव्हता. तिथून सगळेच उलटे दिसत होते. आपला मांडव समोर, लहानसा. नॉरिस कुठला, ओळखू येईना. आकाश निरभ्र होते, थंडी बोचरी, आणि नोव्हेंबरातले ऊन मांडवाच्या छपरावरून तिरके येऊन थेट कपाळावर पडत होते.

खेळ सुरू झाला. बर्नार्ड नेहमीप्रमाणे पंचाच्या सात पिढ्या उद्धरू लागला. पहिल्यांदा जरा दबकत, विल्फकडे बघत बघत, मग विसरून. विल्फ उभा होता. चेंडू इकडे आला, तिकडे गेला. निळ्यांचे एक पोर उजवीकडून सुसाट निघालेले त्याला दिसले, मग सगळे एका चकाकीत विरघळून गेले. पुढच्या क्षणी समोरच्या मांडवातून आरोळी उठली. निळे एकमेकांना मिठ्या मारत होते.

कठड्याजवळची सगळी पिवळी मंडळी कण्हली. बर्नार्डने टोपी काढून मांडीवर आपटली, आणि मग विल्फच्या कानाशी वाकला. "वाजव टाळ्या हवं तर. आमचं लक्ष नाहीये."

"कशाला वाजवू?" विल्फ म्हणाला. "मला गोल दिसलाच नाही. ऊन होतं डोळ्यांवर."

बर्नार्डने त्याच्याकडे पाहिले. मॅव्हिसनेही पाहिले.

एनिड हेच म्हणायची. दर वर्षी, या मॅचनंतर, घरी चहाच्या टेबलावर, याच शब्दांत. "मला दिसलंच नाही. ऊन होतं डोळ्यांवर." आणि तो दर वर्षी हसायचा, नॉरिसला सांगायचा, जुडिथला सांगायचा. हरणाऱ्यांना सूर्यही आडवा येतो, म्हणायचा. एकदाही इकडे येऊन बघितले नव्हते.

"येतं खरं ऊन," तो म्हणाला.

"आम्ही सांगतोच आहोत," मॅव्हिस म्हणाली. "हात धरा असा. ती धरायची."

विल्फने कपाळावर हात आडवा धरला. मैदान पुन्हा दिसू लागले. चेंडू मध्यावर ठेवला होता, पंचाने शिटी तोंडात धरली होती. त्याने हात तसाच धरून ठेवला.